मोरव्याच्या देवघरातला मग

कराडहून भाईंदरला कुणी फिरायला जात नाही. मी गेले, आणि तेही भांडायला गेले. परत आल्यापासून आमच्या डंक्यावर मिरची कांडायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "काय बघितलंत ओ तिकडं?" चटणीच्या खकाण्यात उभं राहून किती जणींना सांगायचं? खोकून खोकून जीव जातो. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. आता ज्यांना ऐकायचंय त्यांनी वाचावं.

भांडणाचं कारण आधी सांगते. माझी एकुलती एक मुलगी सायली मीरा रोडला एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते. तिनं तिकडंच एक मुलगा पसंत केला. नाव हितेश, घर भाईंदर पश्चिमेला मोरवा गावात, घरी वडील आणि आत्या. आई तो लहान असतानाच गेली. नोकरी विचारली तर म्हणाली, "हॉटेलात आहे." मी आपलं कोटबिट घातलेला मॅनेजर डोळ्यांपुढं आणला. महिनाभरानं फोनवर हळूच म्हणते, "आई, तो बारमध्ये असतो. ड्रिंक्स बनवतो."

माझ्या हातातला फोन पडायचाच बाकी राहिला. सायलीचे बाबा दारूनं गेले. साखर कारखान्यातली चांगली नोकरी, गोड गळा, कुणाच्या अडीअडचणीला पहिला धावणारा माणूस, आणि शेवटी शेवटी घरचा रस्ता सापडायचा नाही त्यांना. ते गेले तेव्हा सायली शाळेत होती. तो वास नुसता आला तरी आजही मी तिथून उठून चालती होते. आणि ही पोर म्हणते, जावई दारू ओतणारा! मी सरळ सांगितलं, नाही म्हणजे नाही. ती रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "एकदा त्यांच्या घरी ये. त्यांच्यासमोर नाही म्हण. मग मी परत विषय काढणार नाही."

आता समोर जाऊन नाही म्हणायला मी काय भिते होय? दोन डबे चटणी बांधली आणि निघाले.

शांती नगर

सायली राहते शांती नगरात. तिथं इमारतींचे सेक्टर आहेत आणि सगळ्या इमारती एका आईची लेकरं. तोच रंग, त्याच जाळ्या, खाली तीच दुकानं. पहिल्याच सकाळी कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि परत येताना ऐटीत भलत्याच जिन्यानं वर गेले. दार उघडं दिसलं, आत शिरून "सायले, पंखा लाव गं" असं म्हणत चपला काढल्या. समोर सोफ्यावर एक गुजराती बाई वाटाणे सोलत बसलेली! मी कपाळाला हात लावला. ती मात्र उठून पंखा लावून मोकळी.

"बैठो ना, बेन. रोज कोई ना कोई आता है," ती म्हणाली. "मेरा हजबंड खुद दो बार दुसरी बिल्डिंग में गया."

माझं हिंदी म्हणजे मराठीला 'है' जोडलेलं. "हमको उधर जाना है, पर बिल्डिंग सापडत नहीं है," मी म्हणाले. तिला सगळं कळलं. वर तिनं गरम थेपला आणि कैरीचा छुंदा खाऊ घातला. कराडात परक्या बाईच्या घरात असं चपला काढून शिरले असते तर गल्लीत आठवडाभर तोच विषय झाला असता.

खाली दुकानदार हिंदीत बोलतो, भाजीवाला हिंदीत बोलतो, आणि दोघं एकमेकांशी मराठीत भांडतात. सायलीही तशीच बोलायला लागलीय. "आई, मी निघतेय, लेट होतंय, तू टेन्शन नको घेऊस," म्हणत धावत गेली. मी टेन्शन घेऊनच आले होते, ते आता कुठं ठेवू?

जेसल पार्क

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायली मला जेसल पार्कच्या चौपाटीवर घेऊन गेली. चौपाटी खाडीची आहे, समुद्राची नाही. लोक फेऱ्या मारतात, म्हातारे बाकांवर बसतात, लांब पूल दिसतो. पाणी आतल्या बाजूला वाहत होतं. आमच्या कृष्णेला कुणी उलटं वाहताना पाहिलेलं नाही, त्यामुळं मी बराच वेळ बघतच राहिले.

"भरती आहे, काकू. थोड्या वेळानं परत फिरेल," मागून कुणीतरी म्हणालं.

हितेश. सावळा, उंच, केस नीट विंचरलेले. खाली वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद तोंडातल्या तोंडात दिला, पूर्ण नाही.

सायली मक्याची कणसं आणते म्हणून मुद्दाम लांब गेली. मी आडवळण घेतलंच नाही. "काय बनवतोस नेमकं?" मी विचारलं.

त्यानं फोनवर फोटो दाखवला. मातीचा तपकिरी मग, त्यावर बटबटीत डोळ्यांचं, दात विचकलेलं तोंड. वर अननसाची फोड आणि पुदिना.

"हा कोण? वेताळ?"

"टिकी म्हणतात ह्याला," तो हसला. "लांब पॅसिफिकमध्ये बेटं आहेत ना, तिकडचे लोक आपल्या पूर्वजांचे, देवांचे चेहरे लाकडात कोरतात. अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांनी ते चेहरे उचलले, त्या चेहऱ्यांनी बार सजवले आणि फळांच्या रसात रम घालून ड्रिंक्स काढली. अननस, नारळाचं दूध, संत्रं, लिंबू, वरून जायफळ. बेटावरच्या लोकांना ह्यातलं काही माहीत पण नव्हतं. आमचा बार पूर्ण त्याच स्टाईलचा आहे."

"म्हणजे दुसऱ्यांच्या पितरांच्या तोंडात दारू ओतून विकायची."

"आत्या पण सेम हेच बोलली," तो म्हणाला. "बारमध्ये एका मगचा कान तुटला म्हणून मी तो घरी आणला. पेनं ठेवणार होतो. आत्यानं हातातून काढून घेतला."

ती आत्या मला न बघताच बरी वाटली. पण मी काही विरघळायला आले नव्हते. मी त्याला सायलीच्या बाबांचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "त्यांच्यासारखा माणूस तुझ्या काउंटरला आला, तर काय करतोस?"

"देतो, काकू," तो म्हणाला. "दोघा-तिघांना नाही म्हणालो होतो. मॅनेजरनं झापलं. आता पाणी जास्त देतो, रिक्षा बोलावून देतो. पण देतो. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

गोड बोलून मला गुंडाळलं असतं तर सोपं झालं असतं, मी तिथंच तोडून टाकलं असतं. हे खरं बोलणं मला फार जड गेलं. राग आला तो आलाच.

"उद्या घरी तुमच्यासाठी बिनदारूचा बनवतो," तो म्हणाला.

"तुझ्या हातचं सरबतसुद्धा मला नको," मी म्हणाले.

त्याचं तोंड उतरलं. सायली कणसं घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो आणि पाणी अजून आतच येत होतं.

मोरवा

मोरव्याला रिक्षानं गेलो. मोठ्या इमारती संपतात आणि एकदम गाव लागतं. अरुंद रस्ता, ओट्यावर बसलेल्या बायका, दोरीवर वाळत घातलेली सुकी मासळी. माझ्या नाकाला मिरचीच्या खकाण्याची सवय, पण ह्या वासानं पहिल्यांदा श्वास अडकला. सायली आरामात चाललेली. "सवय होते गं," म्हणाली. मी म्हटलं, मला सवय करून घ्यायचीच नाहीये.

मनात पक्कं ठरवलं होतं. जेवायचं, चटणीचा डबा द्यायचा, आणि हात धुतल्यावर सांगायचं. भरल्या ताटावर कुणाला दुखवायचं नाही, एवढी रीत मला आहे.

हितेशचे वडील दामूभाऊ दारातच उभे होते. पूर्वी मिठागरात कामाला होते, आता टेम्पो चालवतात. पांढरा सदरा नवा घातलेला, घडी अजून मोडली नव्हती. "या ताई, या," म्हणाले आणि वाटेतून बाजूला झाले. आत कमळआत्या. लहानशी, वाळकी बाई, कपाळावर गोंदण, नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसलेली. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"लांबशी आलीस गो बाय. बस. पयला जेव, मंग काय बोलाचा तो बोल," ती म्हणाली.

ह्यांना सगळं माहीत होतं.

जेवण काय वर्णावं! तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, इतकी मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीनं तिच्याकडं बघून लाजावं. कोलंबीचं लालभडक कालवण, कैरी घातलेलं. तळलेले बोंबील. आमच्याकडं मटणाचा रस्सा असतो, मासा म्हणजे कधीतरी नदीचा, काट्यांचा. बोंबील खाताना मी काटा शोधत बसले आणि आत्या खो-खो हसायला लागली. "अगो, त्याचा काटा पन खातान! खा तू!" तिनं माझी चटणी भाकरीला लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि अजून मागितली. हितेश स्वयंपाकघरात होता. जायफळ किसल्याचा वास येत होता. सायली जेवतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती.

हात धुतले. आता सांगायचं. मी पदरानं हात पुसले, घसा खाकरला.

"देवाच्या पाया पर आगोदर," आत्या म्हणाली.

देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. पितळी टाक, एकवीरेची तसबीर, नारळ, झेंडूची फुलं. टाकांच्या पुढ्यात मातीचं एक भांडं होतं, गळ्यात झेंडूची माळ. मी नमस्कार केला. आत्यानं ते भांडं उचललं, आधी देवांना दाखवलं, मग माझ्या ओंजळीत दिलं.

आता मला सांगा, देवापुढचं कुणी हातात दिलं तर आपण काय करतो? प्रसाद नाकारायचा नाही आणि उष्टा टाकायचा नाही, हे मला आईनं मारून शिकवलंय. मी ते डोळ्यांना लावलं आणि घोट घेतला. गार, दाट नारळाचं दूध. अननसाचा आंबटगोडपणा, मागून लिंबू. फार चांगलं होतं. उन्हातून आलेली, वर तिखट कालवण जेवलेली मी, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

भांडं खाली घेतलं तर काय! दामूभाऊंनी तोंडावर हात ठेवलेला. सायलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि कमळआत्यानं टाळी वाजवून एकदम लग्नाचं गाणं धरलं! शेजारच्या ओट्यावरून दोन बायकांनी सूर मिळवला. आत्या गाता गाता थांबली, माझ्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "विहीनबाय!"

मी चक्रावले. भांडं हातात फिरवून बघितलं. माळेमागून बटबटीत डोळे, विचकलेले दात. एक कान तुटलेला.

"आक्का, थांब!" दामूभाऊ ओरडले. मग माझ्याकडं वळले. "ताई, चुकी झाली. तुम्हाला सांगायला पायजे होता. आमच्या घरात सोयरिकीचं बोलणं असलं की देवापुढं ग्लास ठेवतात. पितरांना पण कळाया पायजे ना. मग तो बोलणं करायला आलेल्या माणसाच्या हातात देतात. ज्याला सोयरीक नको, तो कपाळाला लावून परत ठेवतो. कोण राग धरत न्हाय, एक शब्द बोलावा लागत न्हाय. आणि ज्यानं पिला, त्यानं बोल दिला."

म्हणजे नाही म्हणायची एवढी सोपी, सभ्य सोय माझ्या ओंजळीत होती आणि मी ती शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली होती.

तेवढ्यात दुसराच विचार डोक्यात शिरला. देवापुढचा ग्लास. बारवाल्याचा मग. रम. "यात दारू होती?" मी किंचाळलेच. "फसवलंत मला? माझ्या नवऱ्याचं माहीत असताना?"

"न्हाय गो बाय, न्हाय!" आत्या माझ्याजवळ खाली बसली. "थेंब न्हाय. देवाची आन."

"दारूच असते, ताई," दामूभाऊ मान खाली घालून म्हणाले. "माझ्या बापानं, आज्यानं देवाला दारूच दाखवली. आज सकाळी मी आक्काशी भांडलो. म्हटलं, देवाला सरबत कोण देतो? घरावर काय आलं म्हंजे? तिनं ऐकलं न्हाय."

"कशी आयकू?" आत्या म्हणाली. "जिचा घरवाला दारूनं गेला, तिचे हातान तीच दारू देऊ? मी देवाला सांगितला, बाबा, आजचे दिस तू जरा सांभालून घे. पावनी दुखावलेली हाय."

मी हितेशकडं बघितलं. तो स्वयंपाकघराच्या दारात जायफळ आणि किसणी घेऊन उभा होता. "मी आत्याला सांगितलं होतं, काकू," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या हातचं पिणार नाही. ती बोलली, ठीक हाय, कपाळाला लावतील नि ठेवतील, तेवढ्यासाठी पण नको दारू."

म्हणजे मी नाही म्हणणार, हे धरूनच त्यांनी हे केलं होतं.

"ताई, तुम्हाला माहीत नव्हतं," दामूभाऊ म्हणाले. "हा बोल आम्ही धरणार न्हाय. देव पण धरणार न्हाय. तुमच्या मनात असंल ते मोकळं बोला."

घरात सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आणि मला काय आठवावं? सायलीच्या बाबांचं वर्षश्राद्ध. पुढच्या खोलीत गुरुजी, पिंड, फोटोला हार. आणि मागच्या खोलीत माझ्या सख्ख्या दिरांनी बाटली उघडलेली. त्याच दारूनं गेलेल्या भावाच्या श्राद्धाला! मी रडत बाहेर आले तर म्हणाले, "वहिनी, एक दिवसाचा प्रश्न आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." माझ्या घरच्या, नात्याच्या माणसांना एक दिवस सोडवली नाही. आणि इथं, काल-परवापर्यंत मला ओळखत नसलेल्या बाईनं, मी पोरगी देणार नाही हे माहीत असताना, आपल्या देवाला पिढ्यान्पिढ्यांची सवय मोडायला लावली होती. भावाशी भांडून. घरावर काही येईल ही भीती गिळून.

मला रडू आवरेना. आत्यानं मला पोटाशी धरलं. तिच्या पदराला मासळीचा आणि नारळाचा वास होता.

हितेशचं काम मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ते मी त्याला तोंडावर सांगितलंय, पुढंही सांगत राहीन, माझा स्वभावच तसा आहे. त्याच्या काउंटरला रोज कुणाच्या तरी घरचा माणूस येऊन बसतो, हे मी विसरणार नाही. पण माझी सायली ज्या घरात जाईल तिथं तिचं दुखणं विचारात घेणारी माणसं असावीत, एवढंच मी इतकी वर्षं देवाकडं मागत होते. ती माणसं माझ्यासमोर जमिनीवर बसली होती.

मी डोळे पुसले, मग दामूभाऊंना म्हणाले, "मघाचं धरू नका. ते मी प्रसाद म्हणून प्यायले."

सायलीनं डोळे मिटून घेतले.

मी मगवरची माळ बाजूला केली, त्या तुटक्या कानाच्या आजोबांना हितेशपुढं धरलं आणि विचारलं, "आहे का रे अजून?"

"आहे, काकू," तो म्हणाला.

"मग भर."

त्यानं भरलं. घाईघाईत अर्धं जायफळ मगमध्ये किसलं आणि अर्धं फरशीवर. आत्यानं मग घेतला, देवांना दाखवला, माझ्या ओंजळीत दिला. ह्या वेळी तो चेहरा माझ्याकडं होता. मी त्याच्या डोळ्यांत बघत सगळं प्यायले, हळूहळू, सगळ्यांना दिसेल असं. मग रिकामा मग हितेशच्या हातात दिला.

"जायफळ जरा जास्त झालंय," मी म्हणाले, "जावईबापू."